बाटलीत नसलेले मुलगे

केळी जरा जास्त पिकली की त्यांच्याभोवती घिरट्या घालणारी ती बारीक चिलटं आठवा. आपण ती हाताने हाकलतो, फार तर केळी उचलून फ्रिजमध्ये टाकतो, आणि विषय संपतो. आंब्या-पेरूत अळ्या करणारी फळमाशी वेगळी, ती शेतकऱ्याची वैरीण. ही चिलटं तशी निरुपद्रवी. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आनुवंशिकतेबद्दल माणसाला जे काही कळलं, त्यातला फार मोठा वाटा या चिलटांचा आहे.

पण आज मला लिहायचंय ते चिलटांबद्दलही नाही. लिहायचंय ते नसलेल्या चिलटांबद्दल. बाटलीत जी असायला हवी होती आणि नव्हती, त्यांच्याबद्दल. जे समोर आहे ते मोजणं सोपं. जे नाहीच, ते कसं मोजायचं? या एका प्रश्नाच्या मागे लागलेल्या माणसांची ही गोष्ट आहे, आणि ती प्रयोगशाळेतून निघून बर्लिन, मॉस्को, एडिनबरा करत थेट हिरोशिमापर्यंत जाते. थोडं विज्ञान येईल मध्ये, पण घाबरू नका. गणित दोनास एक याच्या पुढे जात नाही.

सुरुवात उंदरांपासून करू. फ्रान्समध्ये ल्युसियाँ केनो नावाचा एक प्राणिशास्त्रज्ञ उंदीर पाळत असे. मेंडेलचे नियम वाटाण्याला लागू पडतात तसे उंदरालाही पडतात का, हे त्याला बघायचं होतं. पिवळ्या उंदरांची आपसात जोडी लावली की हिशेबाने पिल्लांत तीनास एक असं प्रमाण यायला हवं. त्याला मिळत होतं साधारण दोनास एक. आणि शुद्ध पिवळा, म्हणजे दोन्ही पालकांकडून पिवळेपणा घेतलेला उंदीर काही केल्या सापडत नव्हता. ही गोष्ट १९०५ ची. केनोने वेगळाच अर्थ लावला, पण १९१० मध्ये अमेरिकेत कॅसल आणि लिटल यांनी खरं कारण पुढे आणलं : शुद्ध पिवळी पिल्लं तयार होतात, पण जन्मायच्या आधीच मरतात. चारातला एक जण हजेरीपटावर येतच नाही, म्हणून तीनास एकचं दोनास एक होतं.

म्हणजे बघा, मृत्यू कुणी पाहिलेला नाही. प्रेत नाही, रक्त नाही. फक्त बेरीज चुकते आहे. आणि त्या चुकलेल्या बेरजेवरून मृत्यू ओळखायचा!

आता न्यूयॉर्कला जाऊ. कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गनची एक छोटीशी खोली होती. तिथे आठ टेबलं, दुधाच्या बाटल्या, त्यात कुस्करलेली केळी, आणि हजारो चिलटं. लोक तिला चिलटांचीच खोली म्हणायचे. १९१० मध्ये या खोलीत लाल डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला, आणि त्याच्या वंशावळीवरून मॉर्गनच्या लक्षात आलं की डोळ्याच्या रंगाचा हा गुण एक्स नावाच्या गुणसूत्राबरोबर प्रवास करतो.

इथे एवढंच लक्षात ठेवा. मादीला दोन एक्स असतात, नराला एक एक्स आणि एक वाय. मुलीला एक एक्स आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. मुलाला मात्र एक्स मिळतो तो फक्त आईकडून. त्यामुळे मादीच्या एका एक्सवर काही बिघाड असला तर दुसरा एक्स सांभाळून घेतो. घरात दोन किल्ल्या असल्या की एक हरवली तरी अडत नाही, तसं. नराकडे किल्ली एकच. बिघडली की बिघडली. हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा माणसांत पुरुषांनाच जास्त का होतो, त्याचंही उत्तर हेच.

मॉर्गनच्या प्रयोगशाळेतल्या एलिझाबेथ रॉल्स या संशोधिकेला काही माद्या विचित्र वाटल्या. त्यांना मुली व्हायच्या नेहमीसारख्या, पण मुलगे निम्मेच. दोन मुलींमागे एक मुलगा. मॉर्गनने १९१२ मध्ये याचा उलगडा लिहिला. त्या मादीच्या दोनपैकी एका एक्सवर असं काहीतरी आहे की ज्याच्या वाट्याला एकटा तोच एक्स येतो तो जगत नाही. मुलींना बापाचा चांगला एक्स असतो, त्या तरतात. मुलांपैकी निम्म्यांना आईचा चांगला एक्स मिळतो, ते जगतात. उरलेले निम्मे अंड्यात, अळीत किंवा कोषात कुठेतरी संपतात.

पुरावा काय? पुरावा मुलींमध्येच होता. त्या मादीच्या निम्म्या मुलींना पुन्हा दोनास एक अशीच संतती झाली, आणि उरलेल्या निम्म्यांना नेहमीसारखी एकास एक. म्हणजे बिघाड पिढीतून पिढीत जात होता, वाहून नेणाऱ्या मुली मात्र ठणठणीत. यालाच सेक्स-लिंक्ड लीथल म्हणतात. मराठीत म्हणायचं तर लिंगसंलग्न घातक जनुक. नाव जडच आहे, पण काय करणार!

तेव्हा ही एक गंमतीशीर अडचण वाटली असेल. गुणसूत्रांचा नकाशा काढताना मध्येच मुलगे गायब होतात, हिशेब बिघडतो. ही अडचण नसून मापनाचं साधन आहे, हे ज्याला दिसलं तो म्हणजे हर्मन मुलर.

मुलर १८९० चा, न्यूयॉर्कचाच. बुटका, अस्वस्थ, भरभर बोलणारा, आणि आपल्या कल्पनांचं श्रेय दुसरे घेतात ही सल आयुष्यभर बाळगणारा. मॉर्गनच्या शिष्यांपैकीच, पण त्या खोलीत तो कधी पुरता रमला नाही. त्याला एक प्रश्न छळत होता. जनुक बदलतं, म्युटेशन होतं, हे मान्य. पण किती वेळा होतं? डोळ्याचा रंग, पंखाचा आकार असले डोळ्यांना दिसणारे बदल फार क्वचित मिळायचे, आणि ते दिसणं हेही बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून. एकाला दिसेल, दुसऱ्याच्या नजरेतून सुटेल. असल्या गोष्टीचा दर कसा काढायचा?

मुलरचं उत्तर : दिसणारं मोजू नका, मरणारं मोजा. एक्स गुणसूत्रावर शेकडो जनुकं आहेत आणि त्यातली पुष्कळशी अशी की मोडली तर जीव जगत नाही. कुठलंही एक मोडलं तरी परिणाम एकच, मुलगा नाही. आणि मुलगा आहे की नाही यात नजरेचा, मताचा प्रश्न येत नाही. बालमित्र एडगर आल्टेनबर्गला सोबत घेऊन त्याने १९१९ मध्ये असा पहिला दर प्रसिद्धही केला. पण मोजणी भयंकर कष्टाची होती. प्रत्येक बाटलीतले नर-मादी वेगळे करून मोजायचे आणि दोनास एक आहे की एकास एक ते ठरवायचं. हजारो बाटल्या!

मग १९२० च्या दशकात टेक्सासमध्ये असताना त्याने एक युक्ती वापरली, ती माझ्या मते विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी एक आहे. सावकाश सांगतो.

त्याच्याकडे एक खास एक्स गुणसूत्र होतं. त्याला तो सीएलबी म्हणे. सी म्हणजे या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसलेला असल्याने ते दुसऱ्या एक्सशी देवाणघेवाण करत नाही, गठ्ठा तसाच्या तसा पुढे जातो. एल म्हणजे त्यावर एक घातक जनुक आधीच आहे. आणि बी म्हणजे बार, डोळा गोल नसून उभ्या पट्टीसारखा अरुंद. ही खूण, बिल्ल्यासारखी. सीएलबी कुणाकडे आहे ते भिंगातून नुसतं बघून कळतं.

आता ज्या नराची परीक्षा घ्यायची, त्याची जोडी सीएलबी मादीशी लावायची. होणाऱ्या मुलींपैकी पट्टीडोळ्याच्या मुली निवडायच्या. त्यांच्याकडे एक एक्स आईचा सीएलबी आणि दुसरा त्या नराचा. नराच्या एक्सवर नवा बिघाड झाला असला तरी मुलगी जगते, कारण दोन्ही एक्सवर मोडलेलं जनुक एकच नाही. एका सायकलची चेन तुटलेली, दुसरीचं चाक वाकडं, दोन्ही मिळून एक सायकल चालते. आता प्रत्येक मुलगी वेगळ्या बाटलीत साध्या नराबरोबर ठेवायची, आणि दहा-बारा दिवस थांबायचं.

तिच्या मुलग्यांचं काय होणार? निम्म्यांना सीएलबी मिळणार. त्यावर घातक जनुक आहेच, ते मरणार. उरलेल्या निम्म्यांना आजोबांचा एक्स मिळणार. तो चांगला असला तर ते जगणार. पण त्यावर नवा बिघाड झालेला असला, तर तेही मरणार. म्हणजे बाटलीत एकही मुलगा नाही!

मोजणी संपली. बाटली उजेडासमोर धरायची आणि बघायचं. नर आकाराने लहान, पोटाचं टोक काळं, चटकन ओळखू येतो. काळ्या शेपटाचा एक जरी दिसला तर ठीक. एकही नाही, तर त्या बाटलीच्या आजोबांच्या बीजात एक जनुक मोडलं होतं. शंभर बाटल्या तासाभरात बघून व्हाव्यात.

१९२६ च्या अखेरीस मुलरने नर चिलटांवर एक्स-रे सोडले आणि त्यांना या चाळणीतून काढलं. एरवी हजारात एखाद-दुसऱ्या बाटलीत मुलगे गायब असायचे. आता बाटल्यांमागून बाटल्या मुलग्यांविना! सर्वात जास्त मात्रेला म्युटेशनचा दर जवळपास १५० पट वाढला, असं त्याने लिहिलं. जुलै १९२७ मध्ये 'सायन्स'मध्ये लेख आला. गंमत म्हणजे त्या लेखात आकड्यांची कोष्टकंच नव्हती, पहिला नंबर लावण्याची घाई होती. आकडे त्याने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले, आणि रातोरात जगप्रसिद्ध झाला. तोवर जनुक ही देवाने कुलूपबंद करून ठेवलेली वस्तू वाटत होती. माणसाला ती बदलता येते, हे प्रथमच सिद्ध झालं.

बदलता येते म्हणजे, खरं सांगायचं तर, मोडता येते.

इथे क्षणभर थांबून त्या बाटलीकडे पुन्हा बघा. किरण अंगावरून गेले ते आजोबांच्या. आजोबांना काही झालं नाही, त्यांनी हातपाय हलवले, उडाले, संसार केला. त्यांच्या मुलीला काही झालं नाही, ती धडधाकट. मेले ते नातू. तेही न दिसता, अंड्यात किंवा अळीत. या नातवांच्या बाजूने साक्ष द्यायला कुणीच नाही. बाटली रिकामी नसते, तिच्यात मुली बागडत असतात, आणि ज्याला काय शोधायचं ते ठाऊक नाही त्याला त्या बाटलीत काहीच वावगं दिसणार नाही.

मुलरला हे दिसलं आणि तो हादरला. त्या काळात एक्स-रे हा कौतुकाचा विषय होता. डॉक्टर मंडळी तो सढळ हाताने वापरत. पुढे अमेरिकेत चपलांच्या दुकानांत पाय बुटात नीट बसलाय का हे बघायला एक्स-रे यंत्रं ठेवलेली असत, पोरं गंमत म्हणून त्यात पाय घालायची! मुलरने सांगायला सुरुवात केली की तुम्ही आज मोजताय ती कातडीची भाजणी. खरा हिशेब नातवंडांच्या खात्यावर चढतोय. बऱ्याच डॉक्टरांना ते आवडलं नाही. त्यांच्यापुढे रोगी होता, नातू नव्हता.

मुलरचं पुढचं आयुष्य कादंबरीत लिहिलं तर लोक म्हणतील अतिशयोक्ती आहे. १९३२ च्या सुरुवातीला टेक्सासमध्ये त्याने झोपेच्या गोळ्या घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला, वाचला. डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांचं एक वृत्तपत्र काढायला मदत केली म्हणून पोलिसी नजर त्याच्यावर होतीच. त्याच वर्षी तो बर्लिनला गेला. काही महिन्यांत तिथे हिटलर आला. मग निकोलाय वाविलोवच्या बोलावण्यावरून १९३३ मध्ये सोबत चिलटं घेऊन तो लेनिनग्राडला आणि पुढे मॉस्कोला गेला. समाजवादी देशात विज्ञानाला मान असेल अशी त्याची भाबडी खात्री होती.

तिथे भेटला लायसेंको. जनुकं वगैरे भांडवलदारांची थोतांडं आहेत असं म्हणणारा, आणि स्टॅलिनच्या मर्जीतला. १९३६ च्या डिसेंबरमध्ये मॉस्कोच्या जाहीर सभेत मुलर त्याच्याविरुद्ध उभा राहून बोलला. त्याच वर्षी त्याने स्टॅलिनला पत्रही लिहिलं होतं. त्या पत्रात मानववंश सुधारण्याच्या, निवडक पुरुषांच्या बीजातून पुढची पिढी घडवण्याच्या कल्पना होत्या. आज त्या वाचताना अंगावर काटा येतो. माणूस शूर होता म्हणून सगळ्या बाबतींत शहाणा होता असं नव्हे. असो. स्टॅलिनलाही ते रुचलं नाहीच.

टेक्सासमध्ये मुलरकडे शिकून गेलेले दोन सोव्हिएत शास्त्रज्ञ होते, इझरायल अगोल आणि सोलोमन लेविट. अगोलला १९३७ मध्ये गोळी घातली, लेविटला १९३८ मध्ये. वाविलोव १९४३ च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने गेला. ज्याने जगभरातून धान्याची बियाणी गोळा केली, तो उपासमारीने! मुलर मात्र निसटला. १९३७ मध्ये तो स्पेनच्या यादवीत रक्तसंक्रमण करणाऱ्या तुकडीत स्वयंसेवक म्हणून गेला, आणि तिथून एडिनबऱ्याला.

एडिनबऱ्यात आपल्या गोष्टीची दुसरी नायिका भेटते. शार्लोट आउअरबाख. जन्म १८९९, जर्मनीतल्या क्रेफेल्डचा. बर्लिनमध्ये शाळेत शिकवत होती. १९३३ मध्ये ज्यू म्हणून नोकरी गेली आणि ती स्कॉटलंडला आली. तिथल्या पशु-आनुवंशिकी संस्थेत पडेल ते काम करत पीएचडी केली. संस्थेच्या प्रमुखांनी तिला सांगितलं, मुलरच्या हाताखाली पेशींची कामं कर. ती म्हणाली, मला त्यात रस नाही. मला जनुक काम कसं करतं ते हवंय. यावर मुलर रागावला नाही. उलट म्हणाला की ते हवं असेल तर जनुक मोडल्यावर काय होतं ते बघ. ती आयुष्यभर तेच बघत राहिली.

युद्ध सुरू झालं आणि मस्टर्ड गॅसचा विषय निघाला. पहिल्या महायुद्धात वापरलेला हा विषारी वायू पुन्हा वापरला जाईल अशी धास्ती होती. ए. जे. क्लार्क आणि जे. एम. रॉब्सन या औषधशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं की या वायूच्या जखमा एक्स-रेच्या भाजण्यासारख्या वागतात. लवकर भरत नाहीत, भरल्या तरी पुन्हा उलटतात. मग जनुकांवरही तसाच परिणाम होत असेल का?

१९४० च्या अखेरीस प्रयोग सुरू झाले. विद्यापीठातल्या औषधशास्त्र विभागाच्या गच्चीवर, उघड्या भांड्यात ते द्रव तापवून चिलटांना वायू द्यायचा. आउअरबाखचे हात भाजले, डॉक्टरांनी तंबी दिली. मग ती चिलटं सीएलबीच्या चाळणीतून काढायची. पुन्हा त्याच बाटल्या, पुन्हा तेच उजेडासमोर धरणं. आणि मुलगे नव्हते!

मुलर तोवर अमेरिकेत परतला होता, त्याने अभिनंदनाची तार केली. पण जगाला सांगायची सोय नव्हती. युद्धातलं रहस्य. तिने अहवाल लिहून सरकारला दिले आणि गप्प बसली. १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये शोध रीतसर बाहेर आला : फक्त किरणच नाही, साधं रसायनही जनुक मोडू शकतं. त्याच जातीची रसायनं अमेरिकेत १९४२ पासून रक्ताच्या कर्करोगांवर गुपचूप वापरून पाहिली जात होती, तीही १९४६ मध्येच उघड झाली. आजच्या केमोथेरपीची काही औषधं याच कुळातली आहेत. जे नातवाला मारतं तेच गाठीलाही मारतं. विष आणि औषध यांत फरक फक्त कुणावर आणि किती याचा, हे आपल्या वैद्यांनाही ठाऊक होतं म्हणा.

त्याच १९४६ मध्ये तिकडे रशियात योसिफ रापोपोर्ट नावाच्या गृहस्थाने स्वतंत्रपणे दाखवलं की फॉर्माल्डिहाइडही चिलटांत म्युटेशन घडवतं. हा युद्धात एक डोळा गमावून आलेला नामांकित सैनिक. १९४८ च्या ऑगस्टमध्ये लायसेंकोचा पुरता विजय झाला. ज्या सभेत जनुकशास्त्र बाद ठरलं तिथे उभं राहून विरोध करणाऱ्या मोजक्या लोकांत हा होता. पुढे इतर काहींनी माफीनामे दिले, याने दिला नाही. नोकरी गेली, १९४९ मध्ये पक्षातूनही काढलं. अनेक वर्षं तो भलत्याच खात्यात काम करत राहिला. शार्लोट आउअरबाखला रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली, १९७६ मध्ये डार्विन पदक मिळालं. एकाच वेळी जवळजवळ एकच शोध लावणाऱ्या दोन माणसांच्या नशिबांत एवढं अंतर, फक्त जागेमुळे.

आणि १९४६ मध्येच मुलरला नोबेल मिळालं. का १९४६? शोध तर १९२७ चा. मध्ये हिरोशिमा झालं होतं. चिलटांचे नातू अचानक सगळ्या जगाच्या काळजीचा विषय झाले होते.

नोबेलच्या भाषणात मुलर म्हणाला की किरणांची इथवर सुरक्षित अशी कुठलीही मर्यादा नाही, थोडे किरण तर थोडी हानी, पण हानी आहेच. इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नायकाची आरती करायला मी बसलेलो नाही. रॉचेस्टरला कर्ट स्टर्नच्या गटात अर्न्स्ट कास्पारी याने चिलटांना २१ दिवस रोज २.५ राँटगेन असे हलके किरण देऊन तीच सेक्स-लिंक्ड लीथल चाचणी केली होती, आणि त्याला ठळक वाढ दिसली नव्हती. हे हस्तलिखित भाषणाच्या आधी मुलरकडे पोचलं होतं. पुढे त्याच गटाने आणखी प्रयोग करून वाढ होते असाच निष्कर्ष काढला. पण अलीकडे एडवर्ड कॅलाब्रेस या विषशास्त्रज्ञाने मुलरवर हातचं राखून बोलल्याचा आरोप केला आहे, इतरांनी तो खोडून काढायचा प्रयत्न केला आहे, आणि वाद चालूच आहे. मला वाटतं, न दिसणाऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्याला नेहमी हा मोह होत असणार, जरा जास्त ठामपणे बोलण्याचा. कारण हळू बोललं तर कुणी ऐकत नाही.

माणसांत काय झालं? अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स नील आणि विल्यम शल यांनी हिरोशिमा-नागासाकीत १९४८ ते १९५४ मध्ये जन्मलेल्या सुमारे ७६ हजार बाळांची नोंद केली. गर्भवतीला पाचव्या महिन्यापासून जास्तीचं रेशन मिळे, त्या रेशनच्या नावनोंदणीतून माहिती घ्यायची. आणि त्यांनी काय काय मोजलं? मुलगे किती आणि मुली किती, हेही! आईवर किरण पडले असले आणि तिच्या एक्सवर बिघाड झाला असला, तर मुलगे कमी व्हायला हवेत. चिलटांच्या बाटलीतला हिशेब आता दोन जळलेल्या शहरांना लावला जात होता. सुरुवातीला किंचित फरक असल्यासारखं वाटलं. पुढे आणखी हजारो जन्मांची भर घातल्यावर १९६६ मध्ये त्यांनीच सांगितलं की तसं काही दिसत नाही. याचा अर्थ जनुकांना धक्का लागलाच नाही असा नाही. अर्थ एवढाच की त्या मोजणीच्या चिमटीत येईल एवढा तो मोठा नव्हता. हिरोशिमाच्या आयांसाठी हे उत्तर किती मोलाचं असेल! आपल्या पोटी काय येईल या भीतीने, आणि लोकांच्या नजरांनी, त्यांचं निम्मं आयुष्य पोखरलेलं होतं.

माणसांत असे आजार आहेतच. इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेंटाय नावाचा त्वचेचा एक विकार आहे. तो जवळजवळ फक्त मुलींमध्येच दिसतो, कारण तो बिघाड असलेले मुलगे बहुतेक पोटातच जातात. अशा घरातल्या बाईला गर्भपात होतात, आणि जगलेल्या मुलांत दोन मुलींमागे एक मुलगा. तेच दोनास एक. मॉर्गनच्या बाटलीतलं.

आपल्याकडे आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवायची पद्धत होती, म्हणजे दृष्ट लागू नये. ती मुलं बहुतेक देवी, पटकी, धनुर्वात अशा रोगांनी जात, जनुकांनी नव्हे. पण न कळणाऱ्या मृत्यूचं खापर कुणावर तरी फोडायची माणसाची गरज जुनीच, आणि ते बहुतेकदा फुटायचं ते घरातल्या सुनेवर. सीएलबीची बाटली या बाबतीत फार न्यायी आहे. मुलगे गेले, आई वाहक होती, पण बिघाड आला होता आजोबांकडून. आणि आजोबांनी तरी काय केलं होतं? ते किरणांच्या वाटेत होते, एवढंच.

पुढे या चाचणीच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या आणि ती सरकारी नियमांत जाऊन बसली. नवीन रसायन जनुकांना घातक आहे का हे तपासायच्या ओईसीडीच्या पद्धतींमध्ये चिलटांची ही चाचणी १९८४ मध्ये घेतली गेली. कितीतरी औषधं, कीटकनाशकं आणि रंग या बाटल्यांतून पारखले गेले. आता जिवाणूंवरच्या आणि पेशींवरच्या जलद, स्वस्त चाचण्या आहेत, डीएनए सरळ वाचताही येतो. २०१४ मध्ये ही चाचणी त्या यादीतून काढून टाकली. कुणी निरोपसमारंभ केल्याचं ऐकिवात नाही.

पण तिने शिकवलेली एक गोष्ट कुठल्याच यादीतून काढता येणार नाही. एखादी गोष्ट निर्धोक आहे असं कुणी सांगू लागलं, की आपण समोरच्या माणसांकडे बघतो. सगळे ठीक दिसतायत, मग झालं. मुलर आणि आउअरबाख यांनी विचारलं, इथे कोण नाही? आणि जो नाही तो का नाही? किती जणांची बाजू अशी रिकाम्या जागेतूनच ऐकावी लागते, याचा विचार करायला लागलं की आपल्या आजूबाजूचे बरेच हिशेब पुन्हा तपासावेसे वाटतात.

पुढच्या वेळी केळ्यांवरची चिलटं हाकलताना जरा दमाने घ्या, एवढंच म्हणतो. त्यांच्या कितीतरी नातवांनी आपल्या नातवांसाठी साक्ष दिलेली आहे.